अर्ध्यावर राहिलेला धवला

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या पुतणीची हळद होती. सरळगावच्या अलीकडे आत वळलं की लागतं ते गाव. मांडवाला उंबराच्या डहाळ्या बांधलेल्या, करवल्यांची लगबग चाललेली आणि एका कोपऱ्यात पाटावर धवलारीण आजी बसलेल्या. पंचाहत्तरीच्या पुढचं वय. डोळे मिटून, एका हाताने गुडघ्यावर ठेका धरत त्या धवला गात होत्या. डोंगरावरचे देव, वेशीवरचे देव, म्हसाचा खांबलिंगेश्वर, घरातले गेलेले वाडवडील अशा एकेकाला नावानिशी लग्नाचं आवतण चाललं होतं.

तेवढ्यात नवरीचा भाऊ आला. पोरगा वाईट नाही हो, नम्रपणेच म्हणाला, "आजी, जरा लवकर आटपा ना. दहाला साऊंड बंद करावा लागतो. पोरं कधीची थांबलीत."

आजींनी डोळे उघडले. एकदा त्याच्याकडे, एकदा त्या माणसाहून उंच काळ्या भोंग्यांकडे पाहिलं आणि पदर सावरून उठल्या. पुढच्याच मिनिटाला छाती दणाणून सोडणारं गाणं सुरू झालं. मी त्यांना हात धरून ओटीवर आणलं, पाणी दिलं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आरदा सोरला गो बाय. आता देव वाटंवच उभं असतील."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण 'धवला' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला नव्हता. मराठी घेऊन बी. ए. करताना तो मी पाठ केला होता! 'मराठीतील आद्य कवयित्री महदंबा हिच्या धवळ्यांचे वाङ्मयीन विशेष लिहा' या प्रश्नाचं उत्तर मी तीन पानं लिहिलं होतं. गुणही बरे पडले होते. लग्न होऊन मुरबाडला आले, इतकी वर्षं लग्नाघरी जाते, हळदी लावते, ओट्या भरते. पण पुस्तकातला 'धवळा' आणि या मांडवातला 'धवला' हे एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आपल्याकडे 'ळ'चा 'ल' होतो, एवढाच काय तो फरक. सातशे वर्षांपूर्वीचं साहित्य मी परीक्षेपुरतं वाचलं आणि तेच साहित्य जित्याजागत्या गळ्यातून समोर आलं, तेव्हा मी पंगतीची पानं मोजत होते.

धवळ्याची वाट

महदंबा किंवा महदाइसा ही तेराव्या शतकातली. चक्रधरस्वामींची शिष्या, महानुभाव पंथातली. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून गायले. हे घडलं अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. महदंबेने हे धवळे आधी कागदावर लिहून मग चाल लावली, असं नाही. प्रसंग लग्नाचा होता, आणि लग्नात बायका धवळे गातात हे तिला ठाऊक होतं. आधीपासून चालत आलेल्या गाण्याच्या साच्यात तिने आपली कथा ओतली. म्हणजे ज्या रचनेने मराठी कवयित्रींची परंपरा सुरू झाली असं आपण मानतो, तिचा साचा मांडवातल्या बायकांनी घडवला होता.

याचा पुरावा संगीताच्या पुस्तकातही मिळतो. त्याच तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणं मूळचं काश्मीरचं. हिशेबाच्या खात्यावरचा मोठा अधिकारी, पण नाव राहिलं ते 'संगीतरत्नाकर' या ग्रंथामुळे. आज उत्तरेकडचं हिंदुस्थानी आणि दक्षिणेकडचं कर्नाटक, दोन्ही संगीतांचे अभ्यासक या ग्रंथाला मान देतात. त्यात गायनाच्या प्रकारांची मोठी यादी आहे आणि त्या यादीत 'धवल' आहे, 'मंगल' आहे आणि आपली 'ओवी'ही आहे! राजदरबारातल्या पंडिताला बायकांचं गाणं नोंदवण्याजोगं वाटलं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

ओवीचा माग तर त्याच्याही मागे जातो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सन ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. (ही कल्याणी म्हणजे आपलं कल्याण जंक्शन नव्हे बरं का, कर्नाटकातलं बसवकल्याण!) राजाला ठाऊक असाव्यात अशा सगळ्या गोष्टी त्यात आहेत. हत्तींची पारख आहे, स्वयंपाक आहे, खेळ आहेत आणि गाणंही आहे. तिथे राजाने लिहून ठेवलं आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. म्हणजे ज्ञानोबांनी नऊ हजार ओव्या सांगण्याच्या दीडशे वर्षं आधी ओवी उखळाशी आणि मुसळाशी होतीच. बायकांच्या तोंडची ओवी माउलींनी उचलली आणि तिच्यात गीता मांडली, असं म्हटलं तर काय चुकलं?

आपला नाणेघाट

आता जरा आपल्या घराजवळ येऊ. टोकावडे सोडून माळशेजकडे निघालं की वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट सुरू होते. पावसाळ्यात तिथे पर्यटकांची जत्रा असते. वर चढून गेलं की घाटाच्या तोंडाशी गुहा आहे, आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो आहे सातवाहन राणी नागनिका हिचा. केलेले यज्ञ, दिलेली दानं यांची मोजदाद दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईच्या नावाने दगडात कोरली गेली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यात आपल्या तालुक्याच्या माथ्यावरचा हा लेख होता.

दुसरा महत्त्वाचा पुरावा होता 'गाथासप्तशती'चा. सातवाहन राजा हाल याने जमवलेल्या सातशे गाथांचा हा संग्रह, भाषा महाराष्ट्री प्राकृत. शेतावर राबणारी माणसं, पावसाची वाट पाहणारी घरं, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची बायको, सासू-सुनांची धुसफूस, सगळं त्यात आहे. राजवाड्यापेक्षा खेडंच जास्त. काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची मोठी मराठी आवृत्ती काढली. मोठ्या वाचनालयात ती मिळते, जरूर चाळा. आणि 'गाथा' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'गायलेलं' असा आहे.

म्हणजे बघा, गाथा गायची, ओवी गायची, धवळा गायचा, अभंग गायचा. आपल्याकडे साहित्य आणि संगीत ही एका घरातली भावंडं होती. मग त्यांची चूल कधी वेगळी झाली?

वेगळ्या झालेल्या चुली

माझ्या समजुतीप्रमाणे ही ताटातूट झाली शाळा-कॉलेजात. छापखाना आला, क्रमिक पुस्तकं आली आणि कविता डोळ्यांनी वाचायची गोष्ट झाली. दुसरीकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पं. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी गावोगाव फिरून घराण्यांच्या बंदिशी जमवल्या आणि स्वरलिपीत बांधून सहा भागांत छापल्या. या दोन विष्णूंचे उपकार आपण बायकांनी तर विसरूच नयेत. गाणं शिकणं ही घरंदाज मुलीला न शोभणारी गोष्ट, असं मानलं जायचं त्या काळात त्यांनी गाण्याला शाळेचा उंबरा दिला. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याची वाट रुळवली. आज मुरबाड-शहापूरची मुलगी 'प्रवेशिका', 'मध्यमा'च्या परीक्षा देते, ती त्या वाटेवरून चालतच.

पण झालं काय, की बी. ए.ला मला महदंबा शिकवली ती चालीशिवाय. आणि गाण्याच्या क्लासमध्ये राग शिकवतात तो बहुधा शब्दांच्या अर्थाशिवाय. उस्तादांची बंदिश वहीत उतरली; जात्यावरचा, मांडवातला गळा मात्र वहीबाहेरच राहिला.

अगदी कुणीच लक्ष दिलं नाही असं नाही. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी तर आयुष्यच त्यात घातलं. सुमारे अकराशे गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून त्यांनी लाखाहून जास्त ओव्या टिपल्या, अनेकींचा आवाज ध्वनिमुद्रित केला. त्या बायका चालीला 'गळा' म्हणतात. किती नेमका शब्द! चाल कागदावर नसते, ती गळ्यात असते.

आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावकडच्या शेतात, घरात काम करताना सुचेल ते गात. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्या नातलगाने ते वहीत उतरून घेतलं. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या, आणि त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली गेली. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. घरात लिहून घेणारं कुणी नसतं, तर? हा प्रश्न मला छळतो. कारण आमच्या घरात तसं कुणी नव्हतं.

माझ्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. गिरणी आली, जातं परसात गेलं, तरी मेथी निवडताना, नातवाला झोपवताना त्यांचं गुणगुणणं चालूच असायचं. मी मराठीची पदवीधर सून! पण "जरा हळू म्हणा, मी अभ्यास करतेय," असं मीच त्यांना एकदा म्हटलं होतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू होता. त्या गप्प झाल्या आणि पुढे माझ्यासमोर फारशा गायल्या नाहीत. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. एक ओवीसुद्धा माझ्याकडे पुरी नाही. वैशाखातल्या त्या रात्री झोप न लागण्याचं खरं कारण हेच होतं. नवरीच्या भावाने केलं तेच मी माझ्या घरात केलं होतं, आणि तेही साऊंडशिवाय.

वही आणि मोबाइल

मग ठरवलं. ज्येष्ठात पेरण्यांची घाई सुरू व्हायच्या आत मी दोनशे पानी वही आणि मोबाइल घेऊन धवलारीण आजींच्या दारात गेले. पहिल्या दिवशी त्यांनी सरळ नकार दिला. "मांडव नाय, नवरी नाय, नि धवला गाऊ? देवांना उगाच बोलवायचं व्हय?" खरंच होतं त्यांचं. त्यांच्या लेखी हे गाणं नाहीच, काम आहे. देव बसवायचा धवला वेगळा, तेलवणाचा वेगळा, हळदीचा वेगळा, सासरी पाठवणीचा वेगळा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वारली समाजात तर धवलेरीच गाऊन लग्न लावते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रं आज साऱ्या जगात पोचली, पाकिटांवर आणि पर्सवर आली. पण लग्नाच्या ज्या चौकातून ती चित्रं बाहेर पडली, त्या चौकापुढे गायलं जाणारं गाणं किती जणांनी ऐकलं असेल?

शेवटी तोड आजींनीच काढली. पाटावर मूठभर तांदूळ, एक सुपारी ठेवली, हात जोडले. "शिकवण्यापुरता गातंय, राग धरू नका," असं देवांना सांगितलं आणि सुरुवात केली.

त्यानंतरच्या दुपारी मला जे शिकायला मिळालं ते तीन वर्षांच्या बी. ए.त मिळालं नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे आजींना धवला 'सांगता' येत नाही. "नुसते शब्द सांगा, मी लिहिते," म्हटलं की चौथ्या ओळीला अडायच्या. गायला लागल्या की न थांबता अर्धा तास. शब्द चालीत गुंफलेले आहेत. चाल काढून घेतली की माळेचा दोरा काढल्यासारखे ओघळून जातात. साहित्य आणि संगीत वेगळं का करू नये, हे मला कुठल्या ग्रंथाने असं पटवून दिलं नसतं.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. घरी येऊन मी वहीतलं लिखाण 'शुद्ध' केलं. 'ल'चा 'ळ' केला, 'र'चा 'ड' केला, दोनदा आलेली ओळ एकदाच ठेवली. आजींची नात अकरावीत आहे, संगीताच्या परीक्षा देते. तिने वही बघितली आणि म्हणाली, "काकू, हे आजीचं नाही. आजी ही ओळ दोनदा म्हणते, कारण दुसऱ्या वेळेला बाकीच्या बायका उचलतात." मी खजील झाले आणि पुन्हा नवी वही घातली. त्याच मुलीने हार्मोनियमवर चाल बसवायचा प्रयत्न केला. चार-पाच सुरांतच फिरणारं गाणं, तिला वाटलं दहा मिनिटांचं काम. पण आजींचा एक सूर काही केल्या पट्टीत सापडेना, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतो. मग तिने पेटी बाजूला सारली आणि आजीच्या मांडीला मांडी लावून बसली. जशी पूर्वी शिकत असत, तशी.

तिसरी गोष्ट पैशाची. आपण ती बोलत नाही, पण बोलायला हवी. साऊंडवाला हजारांत घेतो, फोटोवाला घेतो, मेंदीवाली घेते. धवलारणीला मिळतं लुगडं, नारळ आणि वर काही थोडं, तेही ज्याच्या त्याच्या मनावर. आजींची सून मजुरीला जाते. ती मला स्पष्टच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता शिक. पण रात्रभर मांडवात बसले तर दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, त्याचं काय?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'संस्कृती जपा' असं दुसऱ्याच्या सुनेला सांगणं सोपं असतं.

म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय मी घेतला. बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, डीजे नको म्हटलं तर पोरं ऐकतील का? दुसरी म्हणाली, हे जुनं गाणं पोरींना कळतच नाही. शेवटी दोन गोष्टींवर एकमत झालं. डीजेशी भांडायचं नाही, पण हळदीच्या संध्याकाळी दिवेलागणीला पहिला मान धवल्याचा आणि तो पुरा झाल्यावरच साऊंड. दुसरं म्हणजे धवलारणीचं मानधन मेंदीवालीइतकं तरी आधी ठरवून द्यायचं. हा आमचा गटातल्या घरांपुरता नियम. सगळ्या पाळतात असं म्हणणार नाही. एका घरी परत तीच घाई झाली. पण दोन लग्नांत मात्र धवला शेवटपर्यंत झाला.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात धवलारीण नसेल. पण ओवी म्हणणारी, भोंडल्याची गाणी येणारी, बारशाचा पाळणा गाणारी, भजनातली जुनी चाल आठवणारी आई, आत्या, मावशी, शेजारीण नक्की असेल. तिच्याजवळ बसा. मोबाइल चालू करा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिचं नाव, गाव, वय आणि 'हे कुणाकडून शिकलीस?' एवढं तिच्याच तोंडून घ्या. शब्द जसे म्हटले तसेच लिहा, माझ्यासारखे धुऊन काढू नका. कुठल्या वेळी, कोणत्या कामासोबत गातात ते शेजारी लिहा. वहीची एक प्रत तिच्या घरी ठेवा, कारण गाणं तिचं आहे. आणि ते कुणाला ऐकवायचं, पाठवायचं असेल तर आधी तिला विचारा. यासाठी पदवी लागत नाही. दुपारची शांत वेळ मात्र लागते.

मागच्या माघात ज्या लग्नात धवला पुरा झाला, तिथे मी होते. आजींचा आवाज मधेच बसला. खोकला थांबेना. मांडव क्षणभर गप्प झाला आणि मला वाटलं, आता हाही अर्ध्यावरच राहणार. तोच त्यांच्यामागे बसलेल्या नातीने पुढची ओळ उचलली. आवाज थरथरत होता, एका ठिकाणी शब्दही चुकला. आजींनी मान हलवून तो दुरुस्त केला. हळूहळू दोन बायका तिच्यामागे गायला लागल्या, मग चार.

संपल्यावर आजींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, नातीचं कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "वहीत बग गो, पोरीनं डोंगराच्या देवाचं नाव घेतलं का ते. मला आयकू नाय आलं."

मी वही उघडून बघितली. घेतलं होतं.